एक इंची अक्षरं

रॉइस टॅकिट दारापाशी थांबला आणि पाटी वाचू लागला. ओठ हलवत, एकेक शब्द. इंग्रजी वाचून झालं, मग खालचं स्पॅनिशही वाचलं, ज्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मग टोपी काढून त्याने एक्क्याऐंशी वर्षांचं टक्कल खाजवलं आणि दार ढकलून आत डोकावला.

"वेल्मा, ही पाटी कधी लावलीस?"

"काल," हॉटेलच्या गल्ल्यामागून वेल्मा म्हणाली.

पाटी लावून तीन आठवडे होत आले होते. पहिले चार-पाच दिवस ती खरं काय ते सांगायची. मग तिच्या लक्षात आलं, की खरं सांगितलं की म्हातारा घाबरतो, बोटांवर दिवस मोजायला लागतो आणि अंडी तशीच टाकून निघून जातो. तेव्हापासून पाटी रोज कालच लागत होती.

"माझ्यासारख्यालासुद्धा?"

"सगळ्यांनाच, रॉइस."

"अगं, पण मी!" त्याचा आवाज चिरकला. "याच जागी मी..."

"माहीत आहे मला. तरी सगळ्यांनाच."

तो रुसला. रोज रुसायचा आणि रोज तेवढ्याच मनापासून, कारण त्याच्या लेखी हा अपमान ताजा होता. मग खांदे ताठ करून म्हणायचा, "बरं. घर तुझं, नियम तुझा," आणि कमरेचं पिस्तूल ठेवायला ट्रककडे जायचा. दुसऱ्याच्या दारात त्याचा नियम पाळायचा, ही गोष्ट तो विसरला नव्हता. बाकी बरंच काही विसरत चालला होता.

तो आत येऊन बसला की वेल्मा हात पुसत बाहेर जायची. ट्रकची खिडकी सताड उघडी आणि सीटवर पिस्तूल, जेवणाचा डबा ठेवावा तसं. ती ते खणात सरकवायची, काच वर करायची, कुलूप लावायची आणि किल्ली त्याच्या टोपीखाली आणून ठेवायची. त्रेसष्ट वर्षांच्या बाईचे गुडघे, त्यात सकाळची गर्दीची वेळ. पण हे काम दुसऱ्या कुणाला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

लॅटिमर हे पश्चिम टेक्ससमधलं एवढंसं गाव. तिथे पुरुषाच्या कमरेला पिस्तूल असणं म्हणजे खिशात रुमाल असणं. कुणी विचारत नाही, कुणी दाखवत नाही. वेल्माचा नवरा बर्टही बाळगायचा. तो गेल्यावर त्याचं पिस्तूल गल्ल्याखालच्या खणात तसंच राहिलं. आणि अकरा वर्षांपूर्वी, भर दुपारी तीन वाजता, एक विशीतला पोरगा थरथरत आत आला आणि त्याने वेल्माच्या गळ्याला पिस्तूल लावलं, तेव्हा खणातलं ते पिस्तूल तिला आठवलंसुद्धा नाही. तिला आठवलं ते एवढंच, की कॉफी उतू जातेय.

रॉइस तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर होता. पवनचक्क्या दुरुस्त करायचा तो, हाताला ग्रीस तसंच होतं. तो उठला, पिस्तूल काढलं आणि मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला, "पोरा, ते पाईच्या कपाटावर ठेव. मग आपण बोलू."

पोरगा बघत राहिला. मग त्याने ते काचेच्या कपाटावर ठेवलं आणि रडायला लागला. एकही गोळी सुटली नाही. शेरिफची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली, तोवर रॉइसने त्याला बसवून पीकनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाची, गोड पाई खायला घातली होती.

तेव्हापासून तो कोपरा रॉइसचा. तोंड दाराकडे, पाठ भिंतीला. "मी दाराकडे बघतो, तू अंड्यांकडे बघ," असं तो म्हणायचा, आणि वेल्माने अकरा वर्षं खरंच अंड्यांकडे बघितलं. दाराकडे पाठ करून निर्धास्त उभं राहता येणं ही केवढी चैन आहे, हे ज्याच्या गळ्याला कधी पिस्तुलाची नळी लागली त्यालाच कळतं.

विसरण्याची सुरुवात मागच्या हिवाळ्यात झाली. वेल्माच्या हॉटेलात बाईमाणसाला आणि पुरुषाला मिळून एकच संडास. कमरेला ते धूड घेऊन बसता येत नाही, तेव्हा लोक ते काढून समोरच्या टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवतात आणि उठताना आठवणीने उचलतात. एखादा विसरतोही. गावात बहुतेकांकडून आयुष्यात एकदा हे झालेलं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. रॉइस पहिल्यांदा विसरला तेव्हा ते वेल्मालाच दिसलं. तिने ते पार्सलच्या डब्यात घातलं, वर दोन टोस्ट झाकले आणि रॉइसच्या हातात दिलं. "घरी जाऊन खा." ट्रकमध्ये डबा उघडून तो एवढा हसला की आतपर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्यांदा ती हसण्यावारी न्यायची गोष्ट राहिली नाही. शनिवार होता. वाढायला असते ती मारिसेला आपल्या सहा वर्षांच्या इत्सेलला बरोबर घेऊन आली होती. पोर संडासातून बाहेर आली, हात फ्रॉकला पुसले आणि आईला म्हणाली, "मम्मी, मिस्टर रॉइसची बंदूक आत एकटीच आहे."

हात लावला नव्हता तिने. शाळेत शिकवलं होतं तसं, बघितलं आणि येऊन सांगितलं. मारिसेलाने आरडाओरडा केला नाही. तिने ॲप्रन काढला, नीट घडी केली आणि गल्ल्यावर ठेवला.

"मिस वेल्मा, म्हातारा मला आवडतो. पण पुढच्या वेळी ही हात लावेल."

"पुढची वेळ येणार नाही."

"कशी येणार नाही? तुम्ही त्यांना सांगणार आहात?"

वेल्माने ॲप्रन उचलून तिच्या हातात परत दिला. सांगणार कसं? रॉइसला एकट्याला सांगायचं, की उद्यापासून आणू नका, म्हणजे सांगायचं की तुम्ही आता राखणदार राहिला नाहीत, तुमचीच राखण करावी लागते. त्याची बायको गेलेली, पवनचक्क्या गेलेल्या. सकाळी उठून कपडे करून दोन मैल सरळ रस्त्याने इथवर यायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं, आणि ते काम म्हणजे वेल्माच्या दाराकडे बघणं. आपला जीव वाचवणाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? रात्रभर तळमळून तिने ठरवलं, की एकट्याला नाही, सगळ्यांनाच सांगायचं. एका म्हाताऱ्याची लाज राखायला तिने अख्ख्या गावाशी वाकडं घेतलं.

त्यात टेक्ससचा कायदा असा, की नुसतं 'बंदुका आणू नका' लिहून भागत नाही. ठरलेला मजकूर, दोन्ही भाषांत, अक्षरं किमान एक इंच उंच. लपवून बाळगणाऱ्यांसाठी एक, उघड बाळगणाऱ्यांसाठी दुसरा. छापखान्यातून पाटी आली ती दाराची निम्मी काच झाकणारी. आतून आता रस्ता दिसत नव्हता. वेल्माने ती स्वतः लावली, आणि नियम लावायचा तर आपल्यापासून, म्हणून बर्टचं पिस्तूल खणातून काढून घरी नेलं.

पहिल्या सकाळी डोयल प्रुइट दारात कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. गुरांच्या खाद्याचा दुकानदार, बर्टचा लंगोटीयार, आवाज बैलाला हाकारणारा.

"काय गं वेल्मा, बंदुकांना नाक मुरडणाऱ्या त्या कॅलिफोर्नियाला जायचा विचार आहे का? नाही, म्हणजे सामान बांधायला येतो."

"कॉफी घेणार का, डोयल?"

"चोर आला की त्याला थांबवून वाचायला लाव हां ही. अक्षरं चांगली मोठी आहेत, बिचाऱ्याला चष्मा शोधावा लागणार नाही."

"इन्शुरन्सवाल्यांनी लावायला सांगितली."

ही थाप तिने घाईत मारली आणि फसली. गावात इन्शुरन्सवाला एकच, आणि तो डोयलच्याच टेबलावर न्याहारी करायचा. दुपारपर्यंत डोयल परत आला. आता त्याचा आवाज चढलेला नव्हता आणि तेच जास्त वाईट होतं.

"बर्टच्या मित्राशी खोटं बोललीस. निदान खरं कारण सांग."

वेल्माने फडका पिळला. कारण जिभेवर होतं. "माझं हॉटेल आहे. माझी मर्जी," ती म्हणाली.

"मग चालव एकटी," म्हणून तो गेला, आणि त्याच्यामागे खिडकीजवळची दोन्ही टेबलं गेली. मंडळी पेट्रोलपंपावरची कागदी पेल्यातली कॉफी उभ्याने प्यायला लागली. चर्चमध्ये वेल्माच्या शेजारची जागा रिकामी राहिली. ती कुणाशी भांडली नाही. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर सकाळच्या त्या एका प्रश्नावर खर्च होत होता. कधी लावलीस? काल. माझ्यासारख्यालासुद्धा? सगळ्यांनाच. रोज त्याचा तोच दुखावलेला चेहरा, रोज नवा. आपण रोज एकदा त्याला मारतोय असं तिला वाटे.

दोन आठवड्यांनी डोयल पुन्हा आला, बहुतेक भांडण राहिलं होतं तेवढं पुरं करायला. पण दारात त्याच्यापुढे रॉइस होता, पाटी वाचत. डोयल मागे थांबला. त्याने ओठ हलताना बघितले. मग 'कधी लावलीस' ऐकलं आणि 'काल' ऐकलं. रॉइस 'घर तुझं' म्हणून ट्रककडे वळला. डोयल तसाच उभा. त्याने वेल्माकडे बघितलं, वेल्माने नजर खाली घातली.

मग डोयल वळला. स्वतःच्या गाडीकडे गेला, जाकीट सैल करून आतलं पिस्तूल काढून ठेवलं, परत येऊन आपल्या जुन्या टेबलावर बसला आणि म्हणाला, "कॉफी." दुसऱ्या दिवसापासून बाकीचेही एकेक करून यायला लागले. डोयलने त्यांना काय सांगितलं ते मारिसेलाने पुढे ऐकलं. तो म्हणाला होता, वेल्माचं डोकं फिरलंय, पण पंपावरच्या कॉफीने माझं पोट फिरलंय. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नाही.

त्या गुरुवारी सात वाजता गर्दी होती. शाळेला सुट्टी, म्हणून इत्सेल दाराजवळच्या टेबलावर चित्र रंगवत बसली होती. गल्ल्यासमोरच्या उंच स्टुलावर बाहेरगावचा एक माणूस होता, चाळिशीचा, उकाड्यातही जाकीट घातलेला. रॉइस नेहमीप्रमाणे पाटी वाचून, रुसून, ट्रककडे गेला होता. वेल्माच्या दोन्ही हातांत ताटं होती.

दार उघडलं आणि रॉइस आत आला. पिस्तूल त्याच्या हातात होतं.

ट्रकपर्यंत तो गेला होता, ते काढलंही होतं, आणि काढून का हातात घेतलं तेच विसरला होता. आता दारात उभा राहून तो सगळ्यांकडे बघत होता. आपण कुठे आहोत ते कळत नाही, पण इथे कशाचा तरी धोका आहे, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नळी कधी जमिनीकडे, कधी टेबलांकडे हलत होती. इत्सेल त्या नळीपासून चार हातांवर होती. रंगीत खडू तिने वर धरला तो तसाच राहिला.

स्टुलावरचा माणूस वळला. त्याचा उजवा हात जाकिटात गेला.

वेल्माने ताटं सोडून दिली. ती फुटल्याचा आवाज तिला आलाच नाही. दोघांच्या मधे येऊन ती त्या माणसाला मागे न बघता म्हणाली, "हात बाहेर काढा. तो आमचा माणूस आहे."

"बाई, बाजूला व्हा," तो मागून म्हणाला. घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाचा हात जाकिटात, आणि पुढे ज्याला काही आठवत नाही त्याच्या हातात पिस्तूल. दोन्हींच्या मधे तिचे दुखरे गुडघे. अकरा वर्षांपूर्वी हलली नव्हती ती आज हलली होती, आणि आता तिला पळून जावंसं वाटत होतं. मागून डोयलची खुर्ची सरकली आणि त्याचा दबका आवाज आला, "भल्या माणसा, तिने सांगितलं ते ऐक."

वेल्माने रॉइसच्या डोळ्यांत बघितलं. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. आवाज मात्र मीठ मागावं तसा निघाला.

"रॉइस, ते पाईच्या कपाटावर ठेवा. मग आपण बोलू."

तो थबकला. आत कुठेतरी काहीतरी जागेवर बसलं. दोन पावलं चालत तो कपाटापाशी गेला आणि पिस्तूल काचेवर अलगद ठेवलं, नळी भिंतीकडे करून, ज्याने त्याला पंधराव्या वर्षी शिकवलं असेल त्याला अभिमान वाटावा असं. मारिसेला धावली आणि पोरीला उचलून आत घेऊन गेली. वेल्माने पिस्तूल उघडून सहाही गोळ्या हातावर पाडल्या आणि ॲप्रनच्या खिशात टाकल्या.

स्टुलावरचा माणूस पांढराफटक पडला होता. त्याचा हात आता बाहेर होता. "मी जवळजवळ..." तो म्हणाला.

"पाटी वाचली नव्हती?"

"वाचली होती," तो म्हणाला, आणि अर्धी कॉफी सोडून निघून गेला.

रॉइस आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. वेल्मा समोर बसली. आज त्याचे डोळे स्वच्छ होते, कधीकधी असायचे तसे.

"ते बोलणं माझं आहे," तो म्हणाला.

"हो."

"त्या पोराला म्हणालो होतो मी." तो थांबला, दाराकडे बघितलं, उन्हात उलटी दिसणारी ती अक्षरं बघितली. "वेल्मा, ती पाटी माझ्यासाठी आहे?"

'सगळ्यांसाठी' हा शब्द तीन आठवडे तिच्या जिभेवर तयार असायचा. आज तो आला नाही. ती फार थकली होती.

"हो, रॉइस. तुमच्यासाठीच आहे."

"काल लावलीस?"

"तीन आठवडे झाले."

"आणि मी रोज..."

"रोज."

त्याने डोळे मिटले. वेल्माला वाटलं, आता हा उठून जाईल आणि परत कधी येणार नाही, आणि ते आपण केलेलं असेल. पण त्याने हात लांब करून तिचा हात धरला. "मग तू दमली असशील गं, पोरी," तो म्हणाला.

तेव्हा ती रडली. सगळ्या गावासमोर, नाक ॲप्रनला पुसत. त्या रडण्यात सुटल्यासारखं वाटणंही होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"ऑर्डर लिहायची वही आण," तो म्हणाला. "उद्या मी हे विसरेन आणि कुणीतरी चोरलं म्हणून गावभर करेन. तुलाच चोर म्हणेन. लिहून ठेवायला हवं."

त्याने वहीचं पान फाडलं आणि पाठकोऱ्या बाजूवर, जीभ दातांत धरून, सावकाश लिहिलं. 'पिस्तूल वेल्माकडे आहे. मी स्वतः दिलं. रॉइस टॅकिट.' लिहून झाल्यावर त्याने पान लांब धरून बघितलं. "एक इंच असतील ना अक्षरं? कायदेशीर हवं बाबा," तो म्हणाला, आणि डोयल एवढ्या मोठ्याने हसला की त्याला तोंड वळवावं लागलं. रॉइसने कागदाची घडी केली आणि कमरेच्या रिकाम्या चामडी म्यानात खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारापाशी थांबला. ओठ हलवत पाटी वाचली, स्पॅनिशसकट.

"वेल्मा, ही कधी लावलीस?"

"काल."

"माझ्यासारख्यालासुद्धा?"

"सगळ्यांनाच, रॉइस."

"बरं. घर तुझं, नियम तुझा." तो ट्रककडे गेला. वेल्मा दार किंचित उघडून फटीतून बघत राहिली. त्याचा हात कमरेला गेला, चाचपडला, कागद बाहेर आला. तो वाचत उभा राहिला. एकदा वाचला, मग पुन्हा वाचला. बाहेर जावं असं तिला फार वाटलं, पण ती गेली नाही.

आत येऊन त्याने कागद टेबलावर पसरला. "हे अक्षर माझंच आहे."

"तुमचंच."

"म्हणजे खरं असणार."

"खरं आहे. माझ्या घरी आहे, कुलपात."

त्याने मान डोलावली आणि अंडी खायला घेतली. दोन घास खाल्ले. मग काटा ताटातच थांबला आणि त्याने मान वर करून दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. डोयलने वर्तमानपत्र खाली घेतलं.

"मग दाराकडे कोण बघतंय, वेल्मा?"

"मी बघतेय," ती म्हणाली. "तुम्ही खा."

त्याने काटा खाली ठेवला. मग उठला, ताट उचलून समोरच्या बाकावर गेला आणि दाराकडे पाठ करून बसला. वेल्माने अंड्यांची कढई मारिसेलाच्या हातात दिली आणि गल्ल्यापाशी, दाराकडे तोंड करून, उभी राहिली.